दुर्बीण धुण्याच्या खोलीतल्या नोंदी: जून ते ऑगस्ट २०२४

काम: एंडोस्कोपी (पोटात नळीची दुर्बीण घालून तपासणी) विभागातल्या दुर्बिणींची धुलाई, केमिकल (जंतुनाशक), वाळवण आणि साठवण तपासणे, चूक सापडेल तिथे दुरुस्त करणे.
दुर्बिणी चार: गॅस्ट्रो-१ आणि गॅस्ट्रो-२ (जठरासाठी; चॅनेल, म्हणजे आतली पोकळ नळी, २.८ मिमी), कोलोनो (मोठ्या आतड्यासाठी, ३.७ मिमी, पाण्याच्या जेटची वेगळी नळी), ड्युओडेनो (पित्तनलिकेच्या कामासाठी, ४.२ मिमी, टोकाला एलिव्हेटर). वॉशर मशीन नाही, सगळी धुलाई हाताने.

३ जून, सोमवार

२७ मेला सकाळी पहिल्या केसआधी घेतलेल्या नमुन्यांचा रिपोर्ट आला. गॅस्ट्रो-२ च्या चॅनेलमध्ये स्यूडोमोनास एरुजिनोसा. बाकी तिन्हींत वाढ नाही. गॅस्ट्रो-२ वापरातून बाजूला काढली, लाल टॅग लावला. तिच्या शेवटच्या स्वच्छ नमुन्यापासून आजपर्यंत जितक्या रुग्णांसाठी ती वापरली, त्यांची यादी रजिस्टरवरून काढून संसर्ग नियंत्रण समितीकडे दिली. हे पहिल्याच दिवशी व्हायला हवं. कारण सापडेपर्यंत यादी थांबवून ठेवायची नाही.

स्यूडोमोनास हा ओलाव्यात राहणारा जंतू. तो दिसला की केमिकल कमी पडलं असं म्हणून नवा कॅन फोडायची घाई होते. पण शक्यता तीन आहेत: धुण्यात घाण मागे राहिली, शेवटच्या खळबळण्याच्या पाण्यातून जंतू आला, किंवा ओली दुर्बीण कपाटात टांगली आणि तिथे तो वाढला. तिन्ही वेगवेगळ्या तपासायच्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

४ जून

खोलीची मापं घेतली. दोन सिंक, दोन्ही एकाच ओट्यावर, मध्ये आडोसा नाही. डाव्या सिंकमध्ये ब्रशिंग चालू असताना उडणारे शिंतोडे उजव्या सिंकपर्यंत पोचतात, आणि उजवीकडे धुतलेल्या दुर्बिणी खळबळतात. मध्ये ॲक्रिलिकची दोन फुटी पाटी बसवायला दिली. दुर्बिणीचा प्रवास एकाच दिशेने हवा: डावीकडून आत, उजवीकडून कपाटाकडे. उलटं फिरणं नाही.

एन्झाइमचं (मळ सोडवणाऱ्या द्रावणाचं) प्रमाण पाहिलं. कॅनवर लिहिलंय लिटरला ५ मिली. मामा (धुलाई करणारे कर्मचारी) एक झाकण ओततात, आणि झाकणात जेमतेम १० मिली मावतं. सिंक नेहमीच्या पातळीपर्यंत मोजून भरलं तेव्हा २० लिटर पाणी बसलं, म्हणजे १०० मिली लागतात. इतके दिवस दहावा हिस्सा पडत होता. यात मामांचा दोष नाही. सिंकमध्ये किती पाणी मावतं हे त्यांना कोणी मोजून दिलंच नव्हतं. आता सिंकच्या आतल्या बाजूला २० लिटरची रेघ कोरली आहे आणि १०० मिलीचं मापपात्र साखळीने नळाला बांधलं आहे.

पाणी कोमट हवं, आमच्या एन्झाइमच्या लेबलवर ३५ ते ४० अंश. थंड पाण्यात एन्झाइम मंद पडतं. उकळतं पाणी ओतलं तर रक्त आणि चिकट स्राव गोठून चॅनेलच्या भिंतीला धरतात आणि एन्झाइमही निकामी होतं. थर्मामीटर टांगला. प्रत्येक दुर्बिणीला ताजं पाणी, ताजं एन्झाइम. एकाच पाण्यात दुसरी दुर्बीण घालायची नाही.

६ जून

केस संपल्यावर खाटेजवळच करायची धुलाई. खरं काम इथूनच सुरू होतं, आणि याच पायरीला सगळ्यात कमी वेळ मिळतो.

दुर्बीण रुग्णातून बाहेर आली की प्रोसेसरपासून (चित्र दाखवणाऱ्या यंत्रापासून) सोडायच्या आधी: एन्झाइममध्ये भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने नळी वरून खाली पुसायची, टोक एन्झाइमच्या भांड्यात बुडवून सक्शनने द्रावण ओढायचं, जारमध्ये स्वच्छ पडेपर्यंत, मग सक्शनमधून हवा. हवा-पाण्याच्या चॅनेलसाठी नेहमीचा व्हॉल्व्ह काढून धुण्याचा ॲडॅप्टर बसवायचा आणि ३० सेकंद पाणी, मग हवा. ॲडॅप्टर दोन होते, एक हरवलेला. हवा-पाण्याची नळी इतकी बारीक असते की तिच्यात ब्रश जात नाही. तिथे वाळलेला स्राव नंतर निघणं फार कठीण. म्हणून ॲडॅप्टर दुर्बिणीइतकाच महत्त्वाचा. दोन नवीन मागवले.

केस संपल्याची वेळ पट्टीवर लिहून ट्रेला चिकटवायची. तासाभराच्या आत हाताची धुलाई सुरू झाली पाहिजे. तास उलटला तर उत्पादकाच्या पुस्तिकेतली 'उशिरा धुण्याची' पद्धत, म्हणजे जास्त वेळ भिजवणं. रात्रीच्या रक्तस्रावाच्या केसला हे हमखास होतं: दुर्बीण सकाळपर्यंत सिंकमध्ये पडून राहते. रात्रपाळीच्या सिस्टर आणि मामांना धुलाई शिकवणं हाच त्यावरचा उपाय. यादी केली, सहा जणं.

१० जून, सोमवार

लीक टेस्ट, म्हणजे हवा भरून गळती शोधणं. तिन्ही दुर्बिणींवर आणि लाल टॅगवाल्या गॅस्ट्रो-२ वर.

क्रम पाठ असायला हवा. व्हॉल्व्ह आणि बायोप्सीची रबरी कॅप काढा. टेस्टरचं तोंड कोरडं आहे ना ते बोटाने नाही, कापडाने पाहा. ओलं तोंड जोडलं तर पाणी थेट दुर्बिणीच्या पोटात जातं. जोडा, हवा भरा, बाकाची (टोकाजवळच्या वाकणाऱ्या भागाची) रबर किंचित फुगलेली दिसली पाहिजे. मगच साध्या पाण्यात बुडवा. एन्झाइमच्या पाण्यात फेस असतो, बुडबुडे दिसत नाहीत. सिरिंजने चॅनेलमधून पाणी मारून आत अडकलेली हवा काढा. टोक वळवणारी चाकं पूर्ण वर, खाली, डावी, उजवी फिरवा; हँडलवरची बटणं दाबा. किमान ३० सेकंद पाहत राहा. चिकटलेले सुटे बुडबुडे हाताने पुसले की जातात. गळतीचे बुडबुडे एकाच जागेवरून माळेसारखे येत राहतात. काढताना आधी दुर्बीण पाण्याबाहेर, मग हवा बंद, रबर बसेपर्यंत अर्धा मिनिट थांबणं, शेवटी टेस्टर सोडणं.

गॅस्ट्रो-१ सरळ असताना काहीच नाही. टोक पूर्ण वर वळवलं तेव्हा बाकाच्या रबरेच्या शिवणीजवळून माळ निघाली. चाकं न फिरवता टेस्ट केली असती तर ती पास झाली असती, आणि आतापर्यंत बहुधा होतही आली असेल. गळकी दुर्बीण केमिकलमध्ये बुडवली की केमिकल आत जातं, तारा आणि कॅमेरा खराब होतात. शिवाय रुग्णाचा स्राव अशा जागी शिरतो जिथे कोणताही ब्रश पोचत नाही. आतली हवा चालू ठेवून, कंपनीने सांगितल्याप्रमाणे धुऊन, टॅग लावून दुरुस्तीला पाठवली.

गॅस्ट्रो-२ ला गळती नाही. गळतीचा संशय मिटला, पण विभागात आता चालू गॅस्ट्रोस्कोप एकही नाही. बदली दुर्बीण आज दुपारी आली. तिच्या पेटीत घडी घालून आलेली, म्हणून वापरण्याआधी पूर्ण धुलाई. पेटीत आलेली दुर्बीण स्वच्छ धरायची नाही, कागदावर काहीही लिहिलेलं असो.

१३ जून

ब्रशिंग. मार्ग तीन, आणि तिन्ही झाले तरच झालं.

पहिला: सक्शन व्हॉल्व्हच्या भोकातून ४५ अंशांत तिरका ब्रश घालायचा, तो नळीतून दुर्बिणीच्या टोकाला बाहेर येतो. दुसरा: त्याच भोकातून सरळ, तो केबलमधून कनेक्टरच्या सक्शनच्या तोंडाला बाहेर येतो. तिसरा: आखूड जाड ब्रशने व्हॉल्व्हचं भोक आणि बायोप्सीच्या तोंडाची आतली बाजू गोल फिरवून. दुसरा मार्ग सर्वत्र विसरला जातो, कारण केबल रुग्णात जात नाही. पण सक्शनने ओढलेली सगळी घाण त्याच केबलमधून जारकडे जाते.

ब्रश टोकाला बाहेर आला की तिथेच पाण्याखाली केस बोटांनी चोळून स्वच्छ करायचे, मग मागे ओढायचा. न धुता मागे ओढला तर काढलेली घाण पुन्हा आत. 'तीन वेळा ब्रश' हा नियम भिंतीवरून काढून टाकला. ब्रश स्वच्छ बाहेर येईपर्यंत, हाच नियम. खात्रीसाठी टोकासमोर पांढरं कापड धरून पाहिलं: चौथ्या फेरीलाही कोलोनोमधून पिवळसर ठिपका पडला, सहावी फेरी कोरी.

ब्रश स्वतः पाहिले. खणात अकरा. त्यातल्या सातांचे केस एका बाजूला झोपलेले, दोघांची तार मोडून वाकलेली. झोपलेले केस भिंतीला टेकतच नाहीत. मोडलेली तार चॅनेलला आतून ओरखडे पाडते आणि त्या ओरखड्यात पुढची घाण बसते. शिवाय कोलोनोसाठी आणि गॅस्ट्रोसाठी एकाच मापाचा ब्रश चालला होता; २.८ मिमीचा ब्रश ३.७ मिमीच्या चॅनेलमधून सैल जातो. अकराही फेकले. आता एकदाच वापरून फेकायचे ब्रश, दोन मापांत, रंग वेगळे.

ब्रशिंगनंतर प्रत्येक चॅनेलमध्ये ३० मिलीच्या सिरिंजने तीनदा एन्झाइम, मग बुडवून ठेवणं, मग साधं पाणी, मग हवा. शेवटची हवा महत्त्वाची: चॅनेलमध्ये राहिलेलं पाणी केमिकलच्या टबमध्ये जातं आणि ते रोज थोडं थोडं पातळ होत राहतं.

१८ जून

ड्युओडेनो. पूर्ण दिवस हिलाच दिला.

हिच्या टोकाला एलिव्हेटर नावाची छोटी पट्टी असते. पित्तनलिकेत जाणारी तार वर उचलायला. पट्टीच्या मागे खाच, खाचेत बिजागरी. २०१२ ते २०१५ या काळात अमेरिकेत सिॲटल, शिकागोजवळ आणि लॉस एंजेलिस इथे या दुर्बिणींतून औषधांना दाद न देणारे जंतू रुग्णांमध्ये पसरले. शिकागोच्या इलिनॉय राज्यात ३९ रुग्णांपर्यंत पोचलेला जंतू एनडीएम (प्रतिजैविकं निकामी करणारं) जनुक असलेला ई. कोलाय होता, आपल्या राजधानीच्या नावाने ओळखलं जाणारं तेच जनुक. तपास करणाऱ्यांना धुण्याच्या पद्धतीत ठळक चूक सापडली नाही. पद्धत पाळूनही खाचेत जंतू उरत होते. फेब्रुवारी २०१५ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि उपकरणांवरच्या नियामक संस्थेने) इशारा दिला आणि ऑगस्ट २०१९ मध्ये टोकाची टोपी किंवा टोकच एकदा वापरून फेकता येईल अशा रचनेकडे वळा, असं रुग्णालयांना सांगितलं.

आमची जुन्या रचनेची, टोपी न निघणारी. म्हणून हिच्यासाठी वेगळा तक्ता. एलिव्हेटर पूर्ण वर करून खालची खाच, पूर्ण खाली करून मागची बाजू, अर्ध्यावर ठेवून दोन्ही कडा. प्रत्येक स्थितीत बारीक मऊ ब्रश. मग एन्झाइममध्ये बुडवून एलिव्हेटर वर-खाली हलवत सिरिंजची धार सरळ खाचेवर. पाण्याखालीच, नाहीतर शिंतोडे चेहऱ्यावर. मग चांगल्या उजेडात भिंगातून पाहणं. १० पट भिंग घेतलं. पहिल्याच पाहणीत एलिव्हेटर खाली असताना बिजागरीपाशी खसखशीच्या दाण्याएवढा तपकिरी ठिपका दिसला. नुसत्या डोळ्यांना ती जागा स्वच्छ होती. पुन्हा धुतली, तेव्हा गेला.

समितीला लेखी मागणी: टोपी निघणारी ड्युओडेनो, किंवा तोपर्यंत ईटीओ (एथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक करणं). ईटीओला वायू निघून जायला बरेच तास लागतात, म्हणजे एकच ड्युओडेनो असताना ईआरसीपीची (पित्तनलिकेच्या दुर्बीण-प्रक्रियेची) यादी कोलमडते. ही अडचण खरी आहे, पण ती रुग्णाच्या अंगावर ढकलता येणार नाही. (ईटीओला देताना हवा सुटण्याची कॅप लावायचीच, नाहीतर निर्वात होताना बाकाची रबर फाटते. आणि पाण्यात बुडवण्याआधी तीच कॅप काढायचीच.)

२१ जून

केमिकल. २ टक्के ग्लुटराल्डिहाइड बंद करून ०.५५ टक्के ओपीए (ऑर्थो-थॅलाल्डिहाइड) सुरू केलं. ग्लुटराल्डिहाइडच्या वाफेने डोळे चुरचुरतात, दमा बळावतो. खोलीला एकच एक्झॉस्ट आणि तोही छताजवळ, तर वाफ जड. एक्झॉस्ट टबच्या पातळीला खाली आणायचं काम दिलं. ओपीएला वास कमी म्हणून एक्झॉस्ट नको असं नाही.

वेळ: लेबल देशागणिक वेगळं आहे. अमेरिकेत २० अंशांना १२ मिनिटं, युरोपात ५. आम्ही १२ धरतो. टब झाकलेला, टायमर लावलेला. बुडवताना प्रत्येक चॅनेलमध्ये सिरिंजने केमिकल भरायचं, दुसऱ्या तोंडातून बुडबुडे यायचे थांबेपर्यंत. आत हवेचा एक इंच अडकला तर तेवढी भिंत कोरडी राहते आणि टायमर मात्र बरोबर वाजतो.

केमिकलची तीव्रता तपासायची पट्टी प्रत्येक दुर्बिणीआधी, दिवसातून एकदा नव्हे. ओपीए ०.३ टक्क्यांच्या खाली गेलं की टब रिकामा, चौदा दिवस झाले नसले तरी. आणि चौदा दिवस झाले की पट्टी पास असली तरी रिकामा. पट्टीचा रंग बाटलीवर लिहिलेल्या सेकंदालाच वाचायचा. उशिरा वाचला तर उत्तर बदलतं. पट्ट्यांच्या बाटलीवर उघडल्याची तारीख नव्हती, ती फेकली.

ओपीए उरलेल्या प्रथिनाला राखाडी डाग पाडतं. हातमोजा फाटला तर बोटाला, आणि नीट न धुतलेल्या दुर्बिणीलाही. कोलोनोच्या बायोप्सीच्या तोंडाशी अशी राखाडी कड आली. म्हणजे आखूड ब्रश तिथे फिरला नव्हता. डाग पुसून टाकण्याआधी फोटो काढून रजिस्टरला लावला.

खळबळणं तीन वेळा, दर वेळी ताजं पाणी, किमान ८ लिटर, एक मिनिट. प्रत्येक वेळी चॅनेलमधून किमान १०० मिली. वापरलेलं ओपीए ड्रेनमध्ये सोडण्याआधी ग्लायसिन, लिटरला साधारण ६.५ ग्रॅम, एक तास.

मूत्राशयाच्या कर्करोगात वारंवार सिस्टोस्कोपी (मूत्राशयात दुर्बीण घालून तपासणी) होणाऱ्या रुग्णांच्या दुर्बिणींना ओपीए चालत नाही, तीव्र ॲलर्जी येऊ शकते. युरोलॉजीवाले अधूनमधून आमचा टब मागतात. दारावर चिठ्ठी लावली.

२४ जून, सोमवार

गॅस्ट्रो-२ वापरात नाही, पण नव्या पद्धतीने शुक्रवारी पूर्ण धुतली. दोन नमुने: शुक्रवारी केमिकल आणि खळबळण्यानंतर लगेच, आणि आज सकाळी कपाटातून काढून.

२७ जून

शुक्रवारचा नमुना: अगदी तुरळक, दोन वसाहती (जंतूंचे ठिपके). सोमवारचा: ताटलीभर, मोजता येण्यापलीकडे. दोन्हींत स्यूडोमोनास.

म्हणजे केमिकलने काम केलं, त्यानंतर थोडं बीज आत पडलं, आणि शनिवार-रविवारी ते वाढलं. अनुकूल ओलावा मिळाला तर असे जंतू अर्ध्या तासाच्या आसपास दुप्पट होतात. शुक्रवार दुपार ते सोमवार सकाळ हा वेळ त्यांना भरपूर आहे. आता दोनच प्रश्न: बीज कुठून, ओल का.

२८ जून

पाणी. बोअरचं, टाकीत साठवलेलं, सिंकशी ०.२ मायक्रॉनचा फिल्टर. १०० मिलीचे तीन नमुने: फिल्टरच्या आधी, फिल्टरच्या लगेच नंतर, आणि फिल्टरपासून सिंकपर्यंत आलेल्या पारदर्शक प्लास्टिक नळीच्या टोकाला.

ती नळी मीटरभर लांब. नळ बंद केल्यावर तिच्यात पाणी तसंच उभं राहतं आणि टोक सिंकच्या तळाला टेकलेलं असतं. बोट आतून फिरवलं तर शेवाळल्यासारखी बुळबुळीत भिंत लागते. फिल्टर चालू आहे, बदलल्याची तारीखही बरोबर आहे. पण फिल्टरनंतर मीटरभर घाण नळी.

२ जुलै

रिपोर्ट: फिल्टरच्या आधी मिश्र वाढ, फिल्टरनंतर काही नाही, नळीच्या टोकाला स्यूडोमोनास. बीज सापडलं.

नळी कापून फेकली. फिल्टर थेट तोंडापाशी, पुढे दहा सेंटीमीटरची स्टीलची चोच, ती रोज ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक). सिंकच्या काठापेक्षा वर. पाण्याच्या बाटल्याही त्याच दिवशी धरल्या: एंडोस्कोपीच्या गाड्यावरची बाटली आणि तिची नळी रोज ऑटोक्लेव्ह, आत निर्जंतुक पाणीच. बाटलीत सिमेथिकोन (फेस मोडणारं औषध) मिसळायची सवय बंद. ते हवा-पाण्याच्या बारीक नळीत चिकटून बसतं आणि धुऊन निघत नाही. द्यायचंच असेल तर कमीत कमी मात्रेत, बायोप्सी चॅनेलमधून.

४ जुलै

वाळवण. या सगळ्या कामात मला सगळ्यात जास्त खटकलेली जागा हीच.

आधीची पद्धत: सक्शन चालू करून दोन मिनिटं, मग कपाट. सक्शन लावलं की एकाच चॅनेलमधून खोलीची हवा ओढली जाते, हवा-पाण्याची नळी तशीच भरलेली राहते. आता फिल्टर लावलेली दाबाची हवा, रेग्युलेटरवरून, दुर्बिणीच्या पुस्तिकेत दिलेल्या दाबाच्या मर्यादेत, सगळ्या चॅनेलना जोडणाऱ्या ॲडॅप्टरमधून.

किती वेळ, ते मोजून पाहिलं. टोकासमोर कोबाल्ट क्लोराइडचा निळा कागद धरायचा; ओल असेल तर गुलाबी होतो. २ मिनिटांना बायोप्सी चॅनेल: गुलाबी. ५ मिनिटांना: कडेला फिकट गुलाबी. हवा-पाण्याचं चॅनेल ५ मिनिटांनाही पूर्ण गुलाबी, वर एक थेंबही उडाला. १० मिनिटांना दोन्ही निळे. कोलोनोच्या जेटच्या नळीला १२ मिनिटं लागली, ती आधी कोणी वाळवतच नव्हतं. साठवण्याआधी १० मिनिटं ही किमान मर्यादा, कोलोनोला १५.

अल्कोहोल: ७० टक्के, चॅनेलमधून, पाणी लवकर उडावं म्हणून. अमेरिकेत ही पद्धत रूढ. युरोपात टाळतात, कारण राहिलेलं प्रथिन अल्कोहोलने भिंतीला पक्कं बसतं. आम्ही दिवसाच्या शेवटी ठेवलं आहे, धुलाई तपासून पास झाली असेल तरच. आणि हवेऐवजी भिंतीवरच्या ऑक्सिजनने दुर्बीण वाळवायची नाही. आत अल्कोहोल, बाहेर ऑक्सिजन, शेजारी विजेची यंत्रं.

पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी जमतं. आज सकाळी तळाचा नळ सोडला तर पेलाभर गंजकट पाणी आलं. म्हणजे वाळवायची हवाच ओली. रोज सकाळी निचरा, सही. आणि हवेच्या लाइनवर आर्द्रता शोषणारा ड्रायर.

९ जुलै

कपाट. प्लायवूडचं, आत स्पंज चिकटवलेला, दारं घट्ट. स्पंज पिळला तर पाणी निघालं. मोडीत. आर्द्रतामापक आत ठेवून पाहिला होता: ८८ टक्के. नवं: ॲल्युमिनियम आणि काच, खालून फिल्टरची हवा, वरून बाहेर. उंची एवढी की कोलोनोचं टोक तळापासून वीतभर वर राहील. व्हॉल्व्ह आणि कॅप दुर्बिणीत बसवून ठेवायच्या नाहीत. त्याच दुर्बिणीच्या नावाच्या जाळीच्या पिशवीत शेजारी. चाकांचे ब्रेक मोकळे.

१२ जुलै

उसना आणलेला बारीक कॅमेरा चॅनेलमधून फिरवला. गॅस्ट्रो-२: बायोप्सीच्या तोंडापासून पुढे तिरकस ओरखडे, पुढे पांढरट पापुद्रा, बहुधा सिमेथिकोन, आणि वाकणाच्या जागी एक थेंब लोंबत. ओरखडे बायोप्सी फोर्सेप्स (तुकडा काढायचे चिमटे) उघडे ओढण्याचे. डॉक्टरांना चित्र दाखवलं. चॅनेल बदलायला पाठवली.

१८ जुलै

काल आषाढी एकादशीची सुट्टी, त्यामुळे मंगळवारी टांगलेल्या दुर्बिणी मधल्या आठवड्यातच दीड दिवस पडून होत्या. सोमवारची वाट न पाहता नमुने घेतले. पद्धत: निर्जंतुक पाणी चॅनेलमधून, मग निर्जंतुक ब्रश, पुन्हा पाणी, सगळं एकाच बाटलीत. नुसतं पाणी सोडलं तर भिंतीला धरलेले जंतू निघत नाहीत आणि खोटा 'स्वच्छ' रिपोर्ट येतो. दोघींचं काम: एक सिस्टर टोक धरणारी, दुसरी सिरिंजवाली, दोघींचे हातमोजे निर्जंतुक.

२२ जुलै

रिपोर्ट: बदली गॅस्ट्रो, कोलोनो, ड्युओडेनो, वाढ नाही.

एटीपी मीटर आला. केमिकलआधी, ब्रशिंगनंतर नमुना. आमच्या मीटरला २०० च्या खाली पास. हा मीटर उरलेला सेंद्रिय मळ सांगतो, जंतू कोणता ते नाही. म्हणून कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून पाहणं) बंद करायचं नाही. एटीपी ड्युओडेनोला प्रत्येक वेळी, बाकीच्यांना आठवड्याला. पहिल्या दिवशी ड्युओडेनो ३४०, पुन्हा धुऊन ९०.

२९ जुलै

वेळेचा हिशेब. लीक टेस्ट ३ मिनिटं, ब्रशिंग आणि फ्लश १५ ते २०, केमिकल १२, खळबळणं ५, वाळवण १०, मधली हालचाल. म्हणजे एका दुर्बिणीचा फेरा ५० मिनिटांच्या आत होत नाही. दोन गॅस्ट्रोस्कोप आणि सकाळचे चार तास: तपासणीचा वेळ धरला तर सात ते आठ रुग्ण. यादीत सोळा नावं असायची. सोळा बसवायची तर आठ वेळा काहीतरी गाळलं जाणार, आणि ते गाळणं सिंकशी उभ्या माणसावर येतं, यादी लिहिणाऱ्यावर नाही. विभागप्रमुखांशी बोलणं झालं: यादी आठवर, तातडीच्या केस वेगळ्या, तिसऱ्या गॅस्ट्रोस्कोपची मागणी.

१२ ऑगस्ट, सोमवार

गॅस्ट्रो-२ नवं चॅनेल बसवून २४ जुलैला परत आली होती. २९ जुलै आणि ५ ऑगस्ट, दोन सोमवार वाढ नाही. आजचा नमुना गेला. तोही स्वच्छ आला तर लाल टॅग काढायचा. गॅस्ट्रो-१ परत आली, लीक टेस्ट चारही दिशांना वाकवून पास.

बाकी कामं: एक्झॉस्ट अजून वरच आहे. रात्रपाळीच्या सहांपैकी चार जण शिकले, दोघं राहिले. टाकी उपसून धुवायची. दुसरा हवा-पाण्याचा ॲडॅप्टर आला तो चुकीच्या मॉडेलचा, परत पाठवला.

१६ ऑगस्ट

गॅस्ट्रो-२ चा रिपोर्ट: वाढ नाही. लाल टॅग काढला, सकाळी पहिली केस घेतली. पुढचा नमुना २६ ऑगस्ट, सोमवार, पहिल्या केसआधी.